मदत हवी आहे: मुलीला कर्लिंगमध्येच पुढे जायचंय

नमस्कार मंडळी. आम्ही स्कॉटलंडमध्ये पर्थजवळ राहतो. माझी तेरा वर्षांची लेक दोन वर्षांपासून कर्लिंग, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत लक्ष्यापर्यंत नेण्याचा खेळ, खेळते आहे. सुरुवातीला मला वाटलं, चार दिवसांचं वेड असेल. पण आता ती पहाटे उठून स्वयंपाकघरातल्या फरशीवर मोजे घालून घसरण्याचा सराव करते, डावा गुडघा पुढे, उजवा पाय मागे लांब ताणलेला.

तिचा आदर्श ईव्ह म्यूरहेड. ती याच भागातली, वडीलही कर्लर. 2013 मध्ये जगज्जेती, 2014 ला सोची ऑलिंपिकमध्ये कांस्य. 2018 च्या ऑलिंपिकला कांस्यपदकाच्या सामन्यात शेवटचा दगड चुकला आणि जपानकडून हार झाली. त्याच वर्षी खुब्याचं ऑपरेशन. तरी 2022 ला बीजिंगमध्ये जपानलाच 10-3 हरवून सुवर्ण घेतलं आणि काही महिन्यांत निवृत्त झाली. हे सगळं लेकीला तोंडपाठ आहे.

मला मात्र ते ऑपरेशन विसरता येत नाही. हल्ली सरावानंतर पोरगी खुब्यापाशी दुखतं म्हणते. कोच म्हणतात, वाढीचं वय आहे, होईल बरं. मला हे पटत नाही.

इथे, कॅनडात किंवा स्वित्झर्लंडमध्ये कुणाची मुलं खेळतात का? या वयात आठवड्यात किती सराव झेपतो? फिजिओकडे आताच न्यावं का? आणि बोर्डाच्या परीक्षांच्या वर्षी स्पर्धा कशा सांभाळल्यात? तिला थांबवायचं नाहीये, पण तिचं शरीरही जपायचंय. कृपया अनुभव सांगा.