‘इन्स्टॉल करणे’ म्हणजे ‘बसवणे’ का? आणि कंपोनंटला ‘घटक’ म्हणावं का?

प्रश्न : तारीख निवडायच्या एका तयार कंपोनंटची (वेबपानात पुन्हा पुन्हा वापरता येणाऱ्या कोडच्या तुकड्याची) माहिती मराठीत लिहितोय. ‘एनपीएमने घटक बसवा, मग वापरा’ असं लिहिलं (एनपीएम म्हणजे जावास्क्रिप्टची तयार पॅकेजं, म्हणजे कोडचे गठ्ठे, आणून देणारं साधन). सहकाऱ्याने वाचून विचारलं, “बसवला की! मग पानावर दिसत का नाही?” शब्द चुकला का?

उत्तर : हो, ‘बसवा’च चुकलं. पंखा बसवला म्हणजे तो छताला लागला, बटण दाबलं की फिरणार. ‘एनपीएम इन्स्टॉल’ने तसं होत नाही. ‘नोड मॉड्यूल्स’ फोल्डरात फाइली येऊन पडतात, ‘पॅकेज डॉट जेसन’ या फाइलीत पॅकेजचं नाव आणि आवृत्ती नोंदली जाते, बस. पान होतं तसंच राहतं. पंखा घरी आला, पण अजून खोक्यातच आहे. म्हणून पॅकेज ‘उतरवून घ्या’ म्हणावं. कोडमध्ये इम्पोर्ट करून (म्हणजे आपल्या फाइलीत मागवून) त्याचा टॅग पानात ठेवतो, ते खरं ‘बसवणं’.

– पण ‘फोनमध्ये अ‍ॅप बसवलं’ असं सगळेच म्हणतात ना?

– तिथे ते चपखल आहे, कारण बसवलेलं अ‍ॅप लगेच उघडता येतं.

‘घटक’बद्दल माझा आक्षेप जास्त आहे. एचटीएमएलच्या एलिमेंटलाही (पानातलं बटण, परिच्छेद अशा एकेका भागालाही) आपण घटकच म्हणतो. रिअ‍ॅक्ट या वेबपानं बनवायच्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत तर एलिमेंट आणि कंपोनंट या दोन वेगळ्या गोष्टी आहेत : कंपोनंट एकदाच लिहायचा, आणि तो जितक्या ठिकाणी वापराल तितके एलिमेंट तयार होतात. तुमचा तारखेचा कंपोनंट एका फॉर्मात जन्मतारीख विचारेल, दुसऱ्यात प्रवासाची, फक्त प्रॉप्स (कंपोनंट वापरताना त्याला दिलेली माहिती) वेगळे. दोन्हींना ‘घटक’ म्हटलं की ‘घटकापासून घटक तयार होतो’ असं वाक्य लिहावं लागतं. नवशिक्याने त्यातून काय समजायचं?

– एक मात्र खरं, ‘घटक’ला सामान्यरूप होतं : घटकाला, घटकात. ‘कंपोनंटला, कंपोनंटमध्ये’ कानाला जरा कोरडं लागतं.

– लागतं खरं. पण ‘तो कंपोनंट बसवला, दोन कंपोनंट काढले’ असं रोज बोललं जातंच. पुल्लिंग ठरलंय, अनेकवचनही बदलत नाही. शब्द मराठीत रुळलाय, राहू द्या.

प्रश्नकर्ता : मग वाक्य असं करतो : ‘एनपीएमने पॅकेज उतरवून घ्या, फाइलच्या सुरुवातीला कंपोनंट इम्पोर्ट करा आणि फॉर्मात हवा तिथे बसवा.’ ‘प्रॉप्स’ला ‘गुणधर्म’ चालेल का?

– नको. गुणधर्म वस्तूच्या अंगचे असतात, प्रॉप्स बाहेरून दिले जातात.