अपघाताचं गणित मांडणाऱ्यांना युरोपभर एकच प्रमाणपत्र हवं का?

नेकरकाठ (श्टुटगार्ट):
वस्तीतल्या रस्त्यावर ब्रेकचा १५ मीटर लांब काळा पट्टा, पट्ट्याच्या टोकाला गाडी उभी. वेग कमी होण्याचा दर ६ मी/से² धरला तर वेग निघतो ताशी ४८ किमी; ८ धरला तर ५६. जर्मनीत वस्तीतली मर्यादा ५०. म्हणजे न्यायालयासाठी ६ की ८ हे ठरवणारा माणूस चालकाला सोडवूही शकतो, गोत्यातही आणू शकतो.

हा माणूस कोण? इथे 'झाखफेरश्टेंडिगर' म्हणजे तज्ज्ञ, ही पाटी कुणीही लावावी. कायद्याचं संरक्षण आहे ते उद्योग-व्यापार मंडळाने वगैरे नेमून शपथ दिलेल्यांच्या उपाधीला. शेजारी ऑस्ट्रियात १९७५ चा खास कायदा आहे: दहा वर्षांचा जबाबदारीच्या जागेवरचा अनुभव (पदवीधराला पाच), समितीपुढे परीक्षा, विमा, मग न्यायालयाच्या यादीत नाव, तेही पाच वर्षांपुरतं. फ्रान्समध्ये अपील न्यायालयं आपापल्या याद्या ठेवतात. गाड्या रोज सीमा ओलांडतात, तज्ज्ञाने ओलांडली की त्याला पुन्हा श्रीगणेशा.

व्यक्तींच्या प्रमाणनासाठी आयएसओ १७०२४ तयार आहे. अपघात-विश्लेषकांची युरोपीय संघटना ईव्हीयू १९९१ पासून आहे. एकच परीक्षा घ्या आणि विषय मिटवा, असं माझं मत.

लिंझची_सून:
साफ असहमत. गणित सगळीकडे सारखं, न्यायालय नाही. आमच्याकडे ऑस्ट्रियात आणि तुमच्याकडे तज्ज्ञ सहसा न्यायाधीश नेमतो. इंग्लंडात दोन्ही पक्ष आपापला आणतात आणि उलटतपासणीत त्याची सालं काढतात. माझे सासरे बरीच वर्षं यादीवर होते. ते म्हणायचे, वेग काढणं सोपं, न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देणं अवघड. हे ब्रुसेल्सच्या कुठल्या परीक्षेत तपासणार?

काळा_कोट (लंडन):
परीक्षेपेक्षा धाक बरा. २०११ मध्ये जोन्स विरुद्ध केनी खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ साक्षीदाराचं कवच काढून घेतलं. निष्काळजीपणा केला तर त्याचाच अशील त्याच्यावर दावा ठोकू शकतो. मूळ प्रकरण मोटारसायकलच्या अपघाताचंच, तज्ज्ञ मात्र मानसशास्त्रज्ञ होती.

नेकरकाठ:
दावा ठोकायला आधी चूक कळायला हवी ना, वकीलसाहेब! अशिलाला ६ आणि ८ मधला फरक सांगणार कोण? दुसरा तज्ज्ञ. आणि त्याची पाटी कुणी तपासली?

रिकामटेकडा:
धागाकर्त्याला +१. अपघाताची नक्कल दाखवणाऱ्या पीसी-क्रॅश सॉफ्टवेअरमध्ये गाड्या इतक्या देखण्या आदळतात की बघणारा चित्रातच गुंगतो. आत आकडे कुणी भरले, कुठून आणले, कोण विचारतो?
अवांतर: ते सॉफ्टवेअर ऑस्ट्रियाचंच, सूनबाई :)

डेटाभाऊ:
कुठल्या जमान्यात आहात? जुलै २०२४ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीत ईडीआर, म्हणजे धडकेची नोंद ठेवणारा रेकॉर्डर, सक्तीचा आहे. धडकेआधीच्या पाच सेकंदांतला वेग, ब्रेक, सगळं त्यात असतं. चाकं अडकू न देणाऱ्या एबीएस ब्रेकमुळे पट्टे तसेही धड उमटत नाहीत. टेप घेऊन रस्ता मोजणाऱ्यांच्या परीक्षा कशाला?

लिंझची_सून:
डेटाभाऊ, त्यातला वेग बहुतेकदा चाकांच्या फिरण्यावरून काढलेला असतो. चाक अडकून गाडी घसरली तर तो आकडा गाडीचा नव्हे, चाकाचा. हे ज्याला कळतं तोच तज्ज्ञ. आणि सायकलवाल्याच्या खिशात ईडीआर नसतो.

नेकरकाठ:
म्हणजे शेवटी माणसावरच आलात की! मग तो माणूस तपासायला एक परीक्षा नको?

काळा_कोट:
परीक्षा एक नसली तरी दार बंद ठेवता येत नाही. बार्सिलोनात राहणाऱ्या एका भाषांतरकाराला पॅरिसच्या अपील न्यायालयाने यादीत घेतलं नाही. २०११ मध्येच युरोपीय न्यायालयाने सांगितलं की न्यायालयीन तज्ज्ञ म्हणून केलेलं भाषांतर म्हणजे सरकारी अधिकार गाजवणं नव्हे, ती सेवा आहे. दुसऱ्या देशात मिळवलेली पात्रता आणि अनुभव विचारात घ्यावेच लागतील. भाषांतरकाराला हे लागू, तर अभियंत्याला का नाही?

नेकरकाठ:
"विचारात घ्या" म्हटलं की पत्र फाइलला लागतं. बरं, एक पायरी खाली येतो. निदान अहवालात ६ ते ८ असा पल्ला आणि ४८ ते ५६ असा वेग, दोन्ही लिहिणं सक्तीचं करा. एकच आकडा ठोकून द्यायला बंदी.

लिंझची_सून:
हे मान्य. पण याला प्रमाणपत्र कशाला? न्यायाधीशाने प्रश्नच तसा विचारला की झालं.