कार्ड ग्राहकाच्या नजरेआड नेण्यावर बंदी हवी का? (इंदूर)

रामबागकर
विजयनगर असो की पलासिया, बसून जेवायच्या हॉटेलांत अजूनही बिलाच्या फोल्डरमध्ये कार्ड ठेवायचं आणि वेटर ते आत घेऊन जाणार. (सराफ्याचं रात्रीचं खाणं सोडा, तिथे क्यूआरच चालतो.) माझं सरळ मत: मशीन ग्राहकापाशी आणता येत नसेल तर त्या धंद्याने कार्ड घेऊच नये. चोराला कार्ड नकोच असतं. पुढचे १६ आकडे, मुदतीचा महिना-वर्ष आणि मागचे ३ आकडे मिळाले की झालं. मोबाइलने दोन फोटो. चिप आणि पिन इथे आडवे येत नाहीत, कारण ते मशीनवरचे पहारेकरी. परदेशी वेबसाइटी पुष्कळदा ओटीपी न मागता नुसत्या या आकड्यांवर पैसे कापतात.

काउंटरवाला
बंदी म्हणायला काय जातं! राजवाड्याजवळच्या जाड भिंतींच्या जुन्या वाड्यात आतल्या खोलीत मशीनच्या सिम कार्डाला नेटवर्क नसतं. पिन दाबल्यावर कनेक्शन तुटलं की ग्राहकाला पैसे कापल्याचा मेसेज, मशीनवर मात्र 'फेल', आणि स्लिप निघतच नाही. ते पैसे आपोआप परत यायला व्यवहारानंतर ५ दिवसांपर्यंतची मुदत आहे. तोवर भांडण कोणाशी? काउंटरशी.
शिवाय रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमामुळे नव्या कार्डावर ऑनलाइन, परदेशी आणि टॅप (कार्ड मशीनला नुसतं टेकवणं) हे वापर बंदच येतात. चालू करतो ग्राहक. मग परदेशी वापर ॲपमधून बंद ठेवा, फोटो काढणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही.

रामबागकर
लोक व्हिसाची फी भरायला परदेशी वापर चालू करतात आणि विसरून जातात. नेटवर्कचं म्हणाल तर आजची बरीच मशीनं वायफायवरही चालतात. आतल्या खोलीत वायफायचा सिग्नल पुढे नेणारा एक रिपीटर लावला की काम झालं. ५,००० पर्यंतचं बिल टॅपने, पिनशिवाय होतं, म्हणजे कार्ड ग्राहकाच्या हातातून सुटतही नाही.

टाकाऊ_चिप
तुम्ही दोघं कार्डावर भांडताय, मशीनकडे कोण बघतंय? पिनचं मशीन उघडलं की आतल्या गुप्त किल्ल्या पुसल्या जातात आणि ते मरतं. म्हणून चोर ते उघडत बसत नाही. अख्खं मशीन बदलतो, नाहीतर कीपॅडवर हुबेहूब साचा चढवतो. 'बँकेतून आलोय, अपडेट करायचंय' म्हणणाऱ्याच्या हाती मशीन देणारे गल्ल्यावर बसलेत तोवर टेबल काय नि काउंटर काय.
दुकानदाराने करायचं ते एवढंच. मशीन आलं त्या दिवशी चारही बाजूंनी फोटो काढा, मागचा सीरियल नंबर वहीत लिहा, कागदाचा रोल काढून वजन करा. सराफ्यात काट्यांची काय कमी! रोज दुकान उघडताना नंबर ताडून पाहा, आठवड्याला वजन. कार्ड चिपच्या खाचेत अडकत जात असेल तर आत कागदासारखी पातळ पट्टी सरकवलेली असू शकते. तशी चिपवरून चोरलेली माहिती बनावट कार्डाच्या चुंबकीय पट्टीवर उतरवली तरी चालायला नको, कारण दोन्हींतला पडताळणीचा आकडा वेगळा असतो. बँक तो तपासतच नसेल तर गोष्ट निराळी. आणि कोणी दुरुस्तीला आला तर त्याने दिलेल्या नंबरवर नव्हे, बँकेच्या करारावरच्या नंबरवर फोन करून मगच मशीन द्या.

पोहे_शेव_जिरावण
सगळ्यांनी ते टॅपचा सिग्नल अडवणारं पाकीट घ्यावं, विषय संपला.

टाकाऊ_चिप
फुकटचा खर्च, भिया. टॅपचं अंतर काही सेंटिमीटर, दर व्यवहाराचा कोड वेगळा, आणि मागचे ३ आकडे त्यातून जातच नाहीत. कार्ड हरवण्याची भीती असेल तर टॅपची मर्यादा ५०० वर आणा.

लॉज_लेजर
लॉजवाल्यांचं कोणी बोलत नाही. बुकिंगला 'कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो व्हॉट्सॲप करा', नाहीतर झेरॉक्स रजिस्टरला टाचून ठेवायची. व्यवहार मंजूर झाल्यावर मागचे ३ आकडे साठवणं कार्ड उद्योगाच्या नियमांत पूर्ण वर्ज्य आहे, सांकेतिक रूपातसुद्धा नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून ऑनलाइन दुकानांनाही कार्डाचा नंबर ठेवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली आकडा, ठेवावा लागतो. आणि इथे रजिस्टर उघड्या कपाटात! पेमेंट लिंक पाठवा की.

काउंटरवाला
लॉजचं मान्य. पण चोरी झाली तर ग्राहक बुडतोच कुठे? २०१७ च्या नियमाप्रमाणे चूक ना बँकेची ना ग्राहकाची असेल, आणि मेसेज मिळाल्यापासून ३ कामकाजी दिवसांत बँकेला कळवलं, तर त्याला शून्य भुर्दंड. चौथ्या ते सातव्या कामकाजी दिवसापर्यंत कळवलं तर, ५ लाखांपर्यंत मर्यादेच्या क्रेडिट कार्डावर, जास्तीत जास्त १०,०००. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर मात्र कळवेपर्यंतचं नुकसान त्याचंच. सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावरही लगेच फोन करावा.

रामबागकर
तेच तर! ग्राहक सुटला. भुर्दंड बहुतेक वेळा ओटीपी न मागणाऱ्या त्या परदेशी वेबसाइटवर पडतो. आकडे जिथून फुटले त्या हॉटेलला दमडीचा फटका नाही. मग ते आपणहून वायफाय कशाला बसवेल? म्हणून बंदी म्हणतो.

काउंटरवाला
ग्राहकालाच काउंटरवर बोलावलं तर? मशीनही हलत नाही आणि कार्डही त्याच्याच हातात.

रामबागकर
चालेल, पण मशीनचं तोंड ग्राहकाकडे ठेवा, आणि गल्ल्यावरचा कॅमेरा फिरवा. बऱ्याच ठिकाणी तो नेमका कीपॅडवर रोखलेला असतो.

काउंटरवाला
तो गल्ल्यातल्या नोटांवर असतो, साहेब. मशीन दोन हात बाजूला सरकवतो, कॅमेरा हलणार नाही.