बीएस्सी मॅथ्स थर्ड इयर, पुढे काय? घरी बाबांना काय सांगू? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या.

मी साताऱ्यात बीएस्सी थर्ड इयरला आहे, मॅथ्स मेन, पहिली दोन वर्षं सोबत स्टॅट होतं. बारावीपर्यंत गणित म्हणजे उत्तर काढायचं, आणि इथे आल्यावर एकदम एप्सिलॉन डेल्टा, लिमिट डोळ्यांना दिसतंय तरी सिद्ध कर म्हणतात, पहिल्या सेमला रिअल अ‍ॅनालिसिसने जाम रडवलं होतं पण आता तोच विषय सगळ्यात जास्त आवडतो, त्याच्या खालोखाल ग्रुप थिअरी. त्यामुळे गणित सोडायची इच्छा नाहीये हे आधीच सांगते, म्हणजे एमपीएससी कर, बँकेच्या परीक्षा दे असे प्रतिसाद येणार नाहीत (आले तरी वाचेन).

घरी बाबा एसटीत आहेत, रिटायरमेंटला फार वर्षं उरली नाहीत, धाकटा भाऊ बारावीला. एमएस्सीला कुणी नाही म्हणत नाहीये, पण दोन वर्षं हॉस्टेल, मेस, फी आणि त्यानंतर नक्की काय हे मला बाबांना नीट सांगताच येत नाही. इंजिनिअरिंगच्या चुलतभावाला कुणी काही विचारत नाही, मला मात्र प्रत्येक लग्नात "म्हणजे टीचर होणार का गं?" टीचर व्हायला माझी हरकत नाही, पण बीएड करा, मग टीईटी, मग अभियोग्यता, मग शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलवर जाहिरातीची वाट बघा, हे सगळं आमच्या शेजारच्या ताईचं बघितलंय त्यामुळे तेवढाच एक रस्ता धरून बसायची भीती वाटते.

जॅमचा (आयआयटीतल्या एमएस्सीची प्रवेश परीक्षा) फॉर्म भरणार आहे. आयआयटी नाही मिळालं तर कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठात एमएस्सी करू, की एक वर्ष ड्रॉप घेऊन परत जॅम देऊ, की सरळ एमसीए सीईटी देऊन आयटीत जाऊ? शिकताना थोडे पैसे मिळतील असं काही असतं का? आणि इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिससाठी (आयएसएस) मॅथ्सवाले चालतात का? कृपया ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी सांगा, यूट्यूबवरचे "टॉप टेन करिअर" बघून झालेत.

---

शून्यलब्धी: ड्रॉप घेऊ नकोस. एमएस्सी करता करता परत जॅम देता येते. बाकी जाणकार सांगतीलच.

---

तासिकावाला: मी सीनियर कॉलेजला गणित शिकवतो, सीएचबीवर म्हणजे तासिका तत्त्वावर, म्हणून ही बाजू मी सांगतो. प्राध्यापक व्हायचं तर एमएस्सीला ५५ टक्के (राखीव प्रवर्गाला ५०) आणि मग नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. सेट आपलं पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. पण सेट पास म्हणजे पात्रता, नोकरी नाही. कायम जागा निघेपर्यंत तासावर पैसे, मे महिन्यात तास नाहीत म्हणून पैसेही नाहीत. सीएसआयआर नेटमध्ये जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळाली तर गोष्ट वेगळी, पीएचडीला पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि वर एचआरए. तेव्हा या रस्त्याने जायचं तर नुसतं सेटवर समाधान मानू नकोस, जेआरएफसाठी अभ्यास कर. आणि शाळामास्तर म्हणून नाक मुरडणाऱ्या नातेवाईकांना सांग, गणितज्ञ काप्रेकर देवळालीच्या शाळेतच शिकवत होते आणि ६१७४ ही संख्या जगभर त्यांच्याच नावाने ओळखली जाते. (नातेवाईक गप्प बसतीलच असं नाही.)

---

जोखीमदार: विम्यात आहे, अ‍ॅक्चुरिअलला. म्हणजे विम्यातली जोखीम गणिताने मोजायचं काम. बीएस्सी मॅथ्सवरूनच आलो. आधी एसीईटी ही प्रवेश परीक्षा, मग इन्स्टिट्यूट ऑफ अ‍ॅक्चुअरीज ऑफ इंडियाचे पेपर एकेक करत द्यायचे. सीएस१ म्हणजे स्टॅट, त्यात आर ही प्रोग्रामिंग भाषा वापरावी लागते, सीएम१ म्हणजे व्याज, अ‍ॅन्युइटी, मृत्युदराचे तक्ते, त्यात एक्सेल. दोन-तीन पेपर सुटले की मुंबईत नोकरीसाठी प्रयत्न करता येतो, पुढचे नोकरी सांभाळून, आणि बऱ्याच कंपन्या फी आणि अभ्यासाची सुट्टी देतात. पण सगळे पेपर संपायला वर्षं जातात आणि सुरुवातीची फी आपल्याच खिशातून. शिवाय खरं सांगू का, इथे तुझं रिअल अ‍ॅनालिसिस लागत नाही. ४५ वर्षांच्या लाखभर माणसांतली वर्षभरात किती जातील आणि त्यासाठी आज किती पैसे बाजूला ठेवायचे, असलं काम. मला आवडतं. तुझ्या लिहिण्यावरून तुला सिद्धता आवडतात असं दिसतंय, म्हणून आधीच सांगितलं.

---

कलकत्ता_रिटर्न: अगं सगळे आयआयटीच काय घेऊन बसलेत! शिकताना पैसे हवेत ना, मग आयएसआयची एमस्टॅट आणि एममॅथ (स्टॅट आणि गणितातल्या मास्टर्स पदव्या) बघ. इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांनी १९३१ साली काढलेली. फी नाममात्र, वर दरमहा स्टायपेंड, मी एमस्टॅट त्याच्यावरच काढली, घरून फक्त तिकिटाचे पैसे घ्यायचो. दुसरं म्हणजे बंगळुरूला आयआयएससीची (इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स) इंटिग्रेटेड पीएचडी, म्हणजे मास्टर्स आणि पीएचडी एकत्र, तिथे जॅमचाच स्कोअर लागतो आणि स्टायपेंड पहिल्या वर्षापासून. चेन्नईच्या सीएमआयची (चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट) स्वतःची परीक्षा असते, तीही दे.

जॅम आणि आयएसआयमधला फरक लक्षात घे. जॅमला तीन तासांत ६० प्रश्न, पर्याय निवडायचे नाहीतर आकडा टाइप करायचा, सिद्धता कुणी वाचत नाही. एममॅथला दुसरा पेपर पूर्ण लिहायचा, पायरी पायरीने. वेगात कमी पडणारी पण नीट विचार करणारी मुलं तिथे निघतात. आणि एमटीटीएस हा गणिताचा उन्हाळी प्रोग्राम माहीत आहे का, १९९३ पासून चालू आहे, निवड झाली तर राहणं-जेवण त्यांच्याकडे. आपल्या कॉलेजात गाईड पाठ करून पास होता येतं, तिथे फळ्याजवळ उभं करून "का?" विचारतात. फॉर्म भर.

आयएसएसबद्दल: यूपीएससीच्या नोटिफिकेशनमध्ये पदवीला स्टॅटिस्टिक्स हा एक विषय हवा असं असतं, नुसतं मॅथ्स चालत नाही. तुझ्या पहिल्या दोन वर्षांच्या मार्कशीटवर स्टॅट आहे, पण तेवढं पुरतं का हे इथल्या कुणाच्या शब्दावर सोडू नकोस, आयोगालाच लेखी विचार. स्टॅटमध्ये एमएस्सी केलीस तर प्रश्नच मिटला.

---

धागाकर्ती: बापरे, आयएसआयला पैसे मिळतात हे आमच्या कॉलेजात कुणीच बोललं नाही कधी, सगळे जॅम जॅमच करतात. आजच जेवताना बाबांना सांगितलं, त्यांनी पहिला प्रश्न विचारला कलकत्त्याला रिझर्व्हेशन मिळतं का :) म्हणजे नाही म्हणाले नाहीत. एक शंका, जॅमला मॅथ्स आणि मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स दोन्ही देता येतात का? आणि सिद्धता लिहायची सवय कशी करू, आमच्याकडे परीक्षेत पाठ केलेलंच येतं.

---

कलकत्ता_रिटर्न: दोन पेपर देता येतात, वेगवेगळ्या सत्रात असले म्हणजे झालं, आणि हे दोन गेली काही वर्षं सकाळ-दुपार असेच असतात. स्टॅटसाठी प्रोबॅबिलिटी मात्र पहिल्यापासून काढावी लागेल. सवयीचं म्हणशील तर आयएसआयच्या साईटवर जुने पेपर आहेत, एममॅथचा एक प्रश्न घे, पुस्तक बंद करून दोन तास बस, मग जे लिहिलंयस ते इथे टाक. चुका काढायला आम्ही बसलोयच.