अनुभव धागा: ‘गोजिरा’ (1954) आणि लगोलग ‘गोजिरा नो ग्याकुशू’ (1955)

धागाकर्ती: गोजिरा म्हणजे जपानी सिनेमातला महाकाय राक्षस गॉडझिला. त्याच्या पहिल्या सिनेमापाठोपाठ दुसरा भाग बघणाऱ्यांसाठी हा धागा. ‘आवडला’, ‘बोअर झाला’ एवढ्यावर थांबू नका. काय बघायचं, कुठे फसतं आणि का, ते लिहा.

रीळवाला: आधी प्रत तपासा. मूळ जपानी पहिला 96 मिनिटांचा, दुसरा 82. पहिल्यात अमेरिकी नट रेमंड बर दिसला, तर ती 1956 ची अमेरिकी कापाकापी समजा. दुसऱ्याची 1959 ची अमेरिकी प्रत म्हणजे कहर: गॉडझिलाचं बारसं करून ‘जायगँटिस’ ठेवलंय आणि बऱ्याच ठिकाणी त्याच्या तोंडी अँगिरसची, म्हणजे त्याच्याशी झुंजणाऱ्या दुसऱ्या राक्षसाची, डरकाळी बसवलीये. ती बघून तुलना करायची नाही.

चारआणेवाला: तारखा बघा, बरंच कळेल. पहिला 3 नोव्हेंबर 1954, दुसरा 24 एप्रिल 1955. मध्ये सहा महिनेही नाहीत! दिग्दर्शनाला इशिरो होंडांऐवजी मोतोयोशी ओदा, संगीताला इफुकुबेंच्या जागी मासारू सातो. ट्रिकची बाजू तेवढी एइजी त्सुबुरायांकडेच राहिली. पहिल्याच्या मागे मार्च 1954 च्या बिकिनी बेटावरच्या अमेरिकी हायड्रोजन बॉम्ब चाचणीत होरपळलेली मासेमारी बोट होती. दुसऱ्यातले नायकही मासेमारी कंपनीचेच, विमानातून माशांचे थवे शोधणारे. पण इथे भीती आकसून कंपनीच्या नुकसानीएवढी होते. पहिल्या भागातले शास्त्रज्ञ डॉ. यामाने येऊन पहिल्या सिनेमाचंच फुटेज मुकं दाखवतात, तो एक प्रसंग मात्र अंगावर येतो.

मिनिएचरमामा: खरा फरक कॅमेऱ्याच्या वेगात आहे. लहान मॉडेल मोठं भासवायचं तर प्रमाणाचं वर्गमूळ काढून तेवढ्या पटीने वेग वाढवावा लागतो. प्रमाण 1:25 (मॉडेल खऱ्याच्या पंचविसाव्या भागाएवढं) असेल तर पाचपट, म्हणजे नेहमीच्या 24 ऐवजी सेकंदाला 120 फ्रेम. मग पडणाऱ्या भिंतीला वजन येतं. किंमतही मोजावी लागते: पाचपट उजेड, आणि त्या दिव्यांखाली राक्षसाच्या सूटमधला माणूस भाजून निघतो (पहिला सूट सुमारे 100 किलोचा होता).

दुसऱ्या भागाच्या ओसाकातल्या झुंजीत एक कॅमेरा चुकून 18 फ्रेमवर चालला. पडद्यावर हालचाल सव्वापटीहून जास्त जलद झाली. त्सुबुरायांना ती जनावरी चपळाई आवडली आणि त्यांनी ती ठेवली. चावाचावी जिवंत वाटते, पण 50 मीटरचा प्राणी गल्लीतल्या मांजरांसारखा भांडतो. माझ्या मते इथे आकार गेला आणि झुंज मिळाली. पुढच्या राक्षस-विरुद्ध-राक्षस सिनेमांचं बी हेच.

शंकासूर: मोबाईलवर करून बघता येईल का?

मिनिएचरमामा: येईल. 240 ला शूट करून 30 ला चालवलं की आठपट संथ, म्हणजे सुमारे 1:64 च्या मॉडेलला पुरे. 120 वरून 30 ला चारपट, म्हणजे 1:16. कॅमेरा मॉडेलमधल्या माणसाच्या उंचीवर, जमिनीलगत ठेवा. वरून घेतलं की खेळणं दिसतं. भिंत पातळ पीओपीची करा आणि मागून करवतीने अर्धवट चिरा पाडा, नाहीतर सगळा चौकोन एकसंध आडवा होतो. ट्यूबलाइटखाली नको: आपली वीज 50 हर्ट्झची, उजेड सेकंदाला 100 वेळा लुकलुकतो आणि चित्रावर पट्टे येतात. अंगणातलं ऊन उत्तम. पाणी टाळाच, थेंब काही लहान होत नाहीत.

रीळवाला: दुसऱ्यात काय चुकवू नये? ओसाकातला ब्लॅकआउट आणि गॉडझिलाला समुद्राकडे वळवणारे प्रकाशगोळे. ते जवळपास जमत आलेलं असताना पळालेल्या कैद्यांचा टँकर आदळतो, आग लागते आणि त्या उजेडाकडे गॉडझिला परत फिरतो. कारण आणि परिणाम इतके स्वच्छ पुन्हा कुठेच येत नाहीत.

चारआणेवाला: आणि घोळ तिथूनच. अँगिरस ओसाकाच्या किल्ल्यापाशी मरतो, तोवर अर्ध्याच्या थोडंच पुढे गेलेलो असतो. नंतर होक्काइडोतल्या मेजवान्या. शेवटी विमानं हिमकडे पाडून गॉडझिलाला गाडतात, पण तीच ती घिरटी किती वेळा! वेळ कमी असेल तर किल्ल्यानंतर थेट बर्फाच्या बेटावर जा. तेवढं मात्र बघाच, कारण 1962 च्या ‘किंग काँग विरुद्ध गॉडझिला’त तो बर्फातूनच बाहेर येतो.