मदत हवी आहे: श्रीलंकेतील भूसुरुंग काढण्याच्या कामासाठी गोव्यातून निधी कसा पाठवावा?

फोंडेकर:
उत्तर श्रीलंकेत भूसुरुंग काढण्यासाठी आणि तेथील शेतकऱ्यांना पुन्हा उभे करण्यासाठी आमच्या मंडळाने निधी जमवला आहे. बँकेच्या शाखेत गेलो, तर अधिकाऱ्यांनी नुसते प्रश्न विचारून परत पाठवले. पैसे कोणाला द्यावेत आणि कसे पाठवावेत, एवढेच कोणीतरी स्पष्ट सांगावे. वार्षिक सभा तोंडावर आहे.

कुळागर:
मंडळ नोंदणीकृत आहे का? निधी सभासदांच्या वर्गणीचा की शासकीय अनुदानाचा? रक्कम साधारण किती? हे न सांगता उत्तर मागणे म्हणजे दुखणे न सांगता औषध मागणे होय.

मांडवीकाठ:
हेलो ट्रस्ट ही सुरुंग काढणारी संस्था तेथे 2002 पासून काम करते. किलिनोच्ची जिल्ह्यातील मुहमालै येथे दीर्घकाळ युद्धाची आघाडी होती, त्यामुळे तेथील जमिनीत सुरुंगांचे दाट पट्टे राहिले. सुरुंग काढणाऱ्यांमध्ये युद्धात घरचा कर्ता गमावलेल्या स्त्रियाही आहेत, म्हणजे तुमचा पैसा जमीन मोकळी करतो आणि त्याच वेळी एखादे घरही चालवतो. शिवाय 2025 च्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत गोठवल्यापासून या क्षेत्रात पैशाची चणचण आहे.

सत्तरीकर:
आधी घरचे पाहा. 2012 मध्ये आणि पुन्हा 2018 मध्ये गोव्यातील खाणी बंद झाल्या, तेव्हा डिचोली-सांग्यातील ट्रकवाल्यांसाठी कोणी निधी जमवला होता?

मांडवीकाठ:
तो वेगळा धागा आहे. तिथले ट्रक उभे राहिले हे खरे, पण स्वतःच्या शेतात पाय ठेवला तर तुटेल, अशी भीती तिथे कोणाला नव्हती.

निवृत्त_परिचारिका:
माझ्या मते हा पैसा जयपूर फूटसाठी द्यावा. कृत्रिम पाय बसवण्याची त्यांची शिबिरे परदेशांतही झाली आहेत आणि पाय मिळालेला माणूस लवकर कामाला लागतो.

कुळागर:
काम उत्तम आहे, पण प्रश्न तो नव्हता. माझे मत मात्र वेगळे आहे. सुरुंग तयार करायला अवघे 3 डॉलर पुरतात आणि काढायला 1000 डॉलरपर्यंत खर्च येतो, असे संयुक्त राष्ट्रांचे आकडे वारंवार दिले जातात. लहान मंडळाचा पैसा तिथे थेंबासारखा जिरेल. त्यापेक्षा मोकळ्या झालेल्या जमिनीवर विहीर उपसणे, बियाणे आणि दुभते जनावर घेणे यासाठी तो द्यावा.

बेइराचे_घर:
आमच्या घरातील माणसे पूर्वी मोझांबिकमध्ये होती. तो देश 2015 मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला. यादवी 1992 मध्ये संपली होती, म्हणजे दोन दशकांहून अधिक काळ देणगीदार टिकून राहिले. तेथेही जमीन मोकळी झाल्यावरच शेती करता आली, तेव्हा कुळागर यांनी क्रम उलटा करू नये.

जुना_हिशेबनीस:
आता मूळ प्रश्नाकडे येतो. परकीय योगदान नियमन कायदा बाहेरून येणाऱ्या पैशासाठी आहे, जाणाऱ्यासाठी नाही. व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली (एलआरएस) आर्थिक वर्षात 2,50,000 डॉलरपर्यंत रक्कम पाठवता येते आणि तीत देणगीही धरली जाते, परंतु ही सोय न्यासांना आणि मंडळांना नाही. धर्मादाय संस्थेने उत्पन्न देशाबाहेर खर्च केल्यास आयकराची सूटही आपोआप मिळत नाही, त्यासाठी केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते. एखाद्या सभासदाने मंडळाचे पैसे स्वतःच्या नावाने पाठवण्याची पळवाट मात्र शोधू नका, लेखापरीक्षणात ती टिकणार नाही.

फोंडेकर:
मंडळ 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदलेले आहे. निधी वर्गणीचा आणि एका नाट्यप्रयोगाच्या तिकिटांचा असून तो मंडळाच्याच खात्यात आहे. अनुदान नाही. हे उघडच आहे असे वाटले होते.

जुना_हिशेबनीस:
उघड नव्हते. आता मंडळाच्या घटनेतील उद्देश-कलम येथे द्या. त्यात गोव्याबाहेर काम करण्याची मुभा नसेल, तर सभेत ठराव करण्याआधी घटनादुरुस्ती करावी लागेल. तिकिटे विकताना पैसा श्रीलंकेसाठी असल्याचे प्रेक्षकांना सांगितले होते का, हेही कळवा, कारण तसे असेल तर तो दुसऱ्या कामाकडे वळवता येणार नाही.