'ब्राझील' (१९८५): कव्हरवर १४२ मिनिटं, प्लेअरवर १३६. समीक्षेत काय लिहायचं?

अर्धवटराव
टेरी गिलियमच्या 'ब्राझील' या उपहासपटाच्या डीव्हीडीवर लिहायचं आहे. डिस्क युरोपातली. कव्हरवर १४२ मिनिटं छापलीयत, प्लेअर दाखवतो २ तास १६. अमेरिकेत १३२ मिनिटांची आवृत्ती लागली होती, मग ही दोन्हींत न बसणारी तिसरी कुठली? कात्री लागली असेल तर तसं लिहायलाच हवं. आणि एकूणच उपहासाच्या सिनेमांबद्दल लिहिताना डिस्कविषयी किती लिहावं? 'चित्र छान, आवाज छान' एवढ्यावर भागतं का?

पंचवीस फ्रेम
कात्री नाही, पॅल आहे, म्हणजे युरोपातली टीव्ही-डीव्हीडीची पद्धत. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमने चित्रित होतो, पॅल डीव्हीडी २५ ने पळते. त्यामुळे एकही फ्रेम न कापता तो सुमारे ४ टक्के लवकर संपतो. हिशोब करा: १४२ मिनिटं म्हणजे ८५२० सेकंद, गुणिले २४, भागिले २५, आले ८१७९. म्हणजे १३६ मिनिटं १९ सेकंद. १३२ ची असती तर १२७ च्या आसपास दिसली असती. कव्हरवाले थिएटरचा आकडा तसाच उचलतात, म्हणून हा घोळ.

खात्रीसाठी डिस्कवरची व्हीओबी (व्हिडिओची) फाईल संगणकावर मीडियाइन्फो या फाईलची माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये उघडा. ७२० × ५७६ आणि २५ फ्रेम दिसले की पॅल. ७२० × ४८० असेल तर एनटीएससी, म्हणजे अमेरिकेतली पद्धत, तिथे वेळ जवळपास मूळचाच राहतो. ब्लू-रे बहुधा २४ नेच चालते.

वेळेबरोबर सूरही चढतो. पेटीवर सांगायचं तर पांढरी एकमधलं गाणं काळी एकच्या दिशेने पाऊण वाट वर जातं. या सिनेमात एकच धून पुन्हा पुन्हा येते, त्यामुळे कान तयार असेल तर जाणवतं. काही डिस्कवर सूर दुरुस्त केलेला असतो, तेव्हा ऐकून मगच लिहा. व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये वेग ०.९६ केला की लांबी मूळची होते, पण सूर उतरत नाही. त्यासाठी ऑडिओच्या सेटिंगमधलं टाइम-स्ट्रेचिंग बंद करावं लागतं.

ढगात गोळी
वरचं बरोबर, पण नुसत्या मिनिटांवर आवृत्ती ठरवू नका, सुरुवात बघा. अमेरिकी आवृत्ती ढगांवरून उघडते, युरोपीय आवृत्तीत ते ढग नाहीत. शेवटच्या दृश्यातही तोच फरक: अमेरिकी प्रतीत त्या खोलीत ढग भरून येतात, युरोपीय प्रतीत खोली खोलीच राहते. मधलीही काही दृश्यं कमीजास्त आहेत, पण ओळख पटायला ही दोन टोकं पुरतात.

१३२ मिनिटांची आवृत्ती गिलियमनेच बसवलेली आहे, तिला 'स्टुडिओने कापलेली' म्हणू नका. ही चूक समीक्षांमध्ये सर्रास दिसते. स्टुडिओची खरी करामत म्हणजे टीव्हीसाठीची ९४ मिनिटांची प्रत. तिला 'लव्ह कॉन्कर्स ऑल' म्हणतात, आणि तिच्यात गोड शेवट आहे! युनिव्हर्सल स्टुडिओचे प्रमुख सिड शाइनबर्ग सिनेमा अडवून बसले होते, गिलियमने 'व्हरायटी' या सिनेधंद्याच्या वृत्तपत्रात पानभर जाहिरात देऊन त्यांना जाब विचारला आणि लॉस एंजेलिसच्या समीक्षकांनी अमेरिकेत प्रदर्शित व्हायच्या आत त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवलं. क्रायटेरियन या डिस्क काढणाऱ्या कंपनीच्या संचात १४२ आणि ९४ दोन्ही आहेत. मूळ सिनेमा आधी आणि ९४ ची प्रत नंतर बघा. उपहासातला दंश काढला की नेमकं काय उरतं ते कळतं.

काचेचा डोळा
डिस्कबद्दल लिहायलाच हवं, कारण या सिनेमाचे अर्धे विनोद मागच्या भिंतीवर आहेत. सरकारी पोस्टर, फॉर्म, नळकांडी. पात्रं पुढे बोलत असतात आणि मागचं पोस्टर मित्राची चुगली करायला सांगत असतं. व्हीएचएसवर, म्हणजे जुन्या व्हिडिओ कॅसेटवर, ती अक्षरं म्हणजे नुसता धूर. डीव्हीडीवर मोठी अक्षरं वाचता येतात, ब्लू-रेवर बारीकही. तेव्हा 'चित्र छान' लिहिण्यापेक्षा अशी दोनतीन पोस्टर निवडा, पॉज करा आणि वाचता आलं की नाही तेवढं सांगा.

दुसरं, चौकट. रुंदी आणि उंचीचं मूळ प्रमाण १.८५ : १. त्याच्या दोन्ही कडा छाटून जुन्या चौकोनी टीव्हीसाठी भरलं की रुंदीतला सुमारे २८ टक्के भाग जातो. गिलियम रुंद कोनाची भिंग वापरतो, म्हणजे कडेला मुद्दाम काहीतरी मांडलेलं असतं, आणि कात्री नेमकी तिथेच चालते.

आणि प्रत्येक खोट डिस्कच्या माथी मारू नका. 'डॉ. स्ट्रेंजलव्ह'मध्ये (१९६४) अभिनेता स्लिम पिकन्स सामान तपासताना 'व्हेगास' म्हणतो आणि ओठ जुळत नाहीत. मूळ शब्द 'डॅलस' होता. केनेडींची हत्या तिथेच झाली म्हणून डबिंगमध्ये बदलला. 'लिप-सिंक गंडलंय' लिहिलंत तर जाणकार हसतील.

अर्धवटराव
सुरुवात तपासली. ढग नाहीत. १४२ चीच पॅल प्रत. सबटायटलचं काय?

दुसरा मध्यांतर
सबटायटलला वेगळा परिच्छेद द्या. माझ्या मते बिटरेटपेक्षा (सेकंदाला किती डेटा ते) ते महत्त्वाचं. 'ब्राझील'मध्ये यंत्रात माशी पडते आणि छापताना टटल या नावाचं बटल होतं, तिथून सगळं रामायण. ही नावं नीट उमटली पाहिजेत. भिंतीवरच्या मजकुराला सबटायटल आहे का, हेही बघा. बहुतेकदा फक्त संवादाला असतं.

आपल्याकडचं उदाहरण 'जाने भी दो यारो' (१९८३). महाभारताच्या प्रयोगात तिघंचौघं एकदम बोलतात, द्रौपदीच्या साडीत प्रेत, धृतराष्ट्र 'ये क्या हो रहा है' विचारतोय, आणि सबटायटल एका वेळी एकाचंच बोलणं दाखवणार. त्यात नाटकी संस्कृतप्रचुर हिंदीचं सपाट इंग्रजी झालं की परक्या प्रेक्षकाला नुसती धावपळ दिसते. अशा वेळी चूक सिनेमाची की भाषांतराची, हे समीक्षेत स्पष्ट करा.

मोनोत (आवाजाच्या एकाच वाहिनीत) मिसळलेल्या जुन्या सिनेमाच्या कव्हरवर ५.१ (सहा वाहिन्यांचा आवाज) दिसलं तर ते नंतर केलेलं समजा. हेडफोन लावून एक संवादाचं दृश्य ऐका: बोलणं विहिरीतून आल्यासारखं वाटलं तर सिनेमाच्या ध्वनीला दोष देऊ नका. ऑडिओच्या यादीत मूळ मोनो असेल तर तोच लावा, आणि कुठला ट्रॅक ऐकला ते लिहा.

ढगात गोळी
शेवट न फोडता आवृत्ती सांगायची तर वरती एवढंच द्या: आवृत्ती, खरा कालावधी, पॅल की एनटीएससी, चौकट, ऑडिओ ट्रॅक. पहिल्या दृश्यातले ढग उघड लिहिले तरी चालतात. शेवटचे ढग मात्र स्पॉयलरच्या पट्टीखाली. आणि ९४ च्या प्रतीला गोड शेवट आहे हेही पट्टीखालीच टाका, नाहीतर मूळचा कसा असेल ते शहाणा वाचक लगेच ताडतो. (माझा वरचा प्रतिसाद संपादित करता आला तर करतो.)